सगळ्यात हळू तो पुढं

डोंगरावरून घरी आलं की लुगड्याच्या काठाला चिकटलेली कुसळं काढत बसावं लागतं. कितीही काढली तरी दोन-चार राहतातच आणि दुसऱ्या दिवशी भलत्याच ठिकाणी टोचतात. आमच्या पायपीट मंडळाच्या किश्श्यांचं असंच आहे. एक सांगून झाला की दुसरा टोचायला लागतो. लोकांना वाटायचं, साठी उलटलेली माणसं रविवारी डोंगर चढतात म्हणजे वर जाऊन भजनं म्हणत असतील. छे हो! आम्ही भांडायचो. आणि त्यातली निम्मी भांडणं माझ्यामुळं व्हायची, असं मंडळाचं एकमुखी मत होतं.

आधी मास्तरांची ओळख करून देते. मास्तर म्हणजे माझे यजमान. शाळेतले नव्हेत, स्टेशनमास्तर. मिरज-पुणे लाइनीवर भिलवडी, ताकारी, शेणोली, मसूर अशी स्टेशनं करत करत रिटायर झाले आणि आम्ही साताऱ्यात बिऱ्हाड केलं. शेवटी शेवटी मसूरला असताना त्यांच्या छातीला झटका येऊन गेला. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "चालू द्या त्यांना, चालणं चांगलं. पण घाई नको. ज्या दिवशी चढावर घाई करतील, त्या दिवशी मी काही करू शकणार नाही."

त्यानंतर हा माणूस कितीतरी महिने खुर्चीत बसून राहिला. तोंडावरची रया गेली. मग मंडळ सुरू झालं आणि मास्तर पुन्हा बोलायला लागले, जेवायला लागले, माझ्यावर खेकसायला लागले! म्हणजे चालणं बंद केलं तर खुर्चीत संपणार, आणि घाईनं चालले तर डोंगरावर. मी सदानकदा या दोन्हींच्या मध्ये उभी. वर मंडळात कुणाला काही सांगायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातलेली!

*

मंडळाचा पहिला रविवार. अजिंक्यताऱ्याचा पायथा.

मंडळ म्हणजे आम्ही सहा जण. आम्ही दोघं, फौजेतून पेन्शनीत आलेले सुभेदार आणि त्यांच्या मंडळी, सुभेदारीणबाई, कोर्ट सोडलं तरी उलटतपासणी न सोडलेले वकीलसाहेब, आणि सरकारी दवाखान्यात जन्मभर मिक्श्चरं भरून स्वतःला डॉक्टर समजणारे कंपाउंडर.

सुभेदारांनी काठी आपटून हुकूम सोडला, "सगळ्यात हळू चालणारा म्होरं. त्येला कुणी मागं टाकायचं न्हाई. डोंगरात माणूस हरवत न्हाई मग. आमी फौजेत आसंच चालायचो."

वकीलसाहेबांनी लगेच उपकलम जोडलं, "आणि छातीचं दुखणं असलेला माणूस मंडळात नको. वर काही झालं तर खाली कोण आणणार? जबाबदारी सगळ्यांवर येते!"

मी मास्तरांकडं बघितलं. आणि शेजारून आवाज आला, "अगदी रास्त आहे. नकोच." आमचे मास्तर! एवढ्या ऐटीत तर त्यांनी कधी मेलगाडीलाही झेंडी दाखवली नसेल.

आता पुढं कोण? पुढं जाणं म्हणजे आपण सगळ्यात मरतुकडे असं कबूल करणं! "वकीलसाहेब, व्हा पुढं." "छे छे, कंपाउंडर वयानं मोठे." "मी? अहो, मी रोज माहुलीपर्यंत जाऊन येतो!" ऊन वर आलं तरी सगळे एकमेकांना हात करत उभेच. सुभेदार करवादले, "आरं, लगनातली पंगत हाय का ही?"

मास्तर हळूहळू मागं सरकत होते. त्यांना शेवटी राहायचं होतं. आणि शेवटी राहणाऱ्याला जरा अंतर पडलं की झपाझप गाठावं लागतं, हे मला कळत होतं.

"मी सगळ्यात हळू," मी म्हणाले. "आणि आमचे हे माझ्या मागं राहतील. मला एकटीला भीती वाटते."

माझं माहेर जावळीच्या खोऱ्यातलं. परकरात असताना डोक्यावर गवताचा भारा घेऊन मी घाट चढलेली. त्या दिवशी अजिंक्यतारा चढायला मी इतका वेळ लावला की वकीलसाहेबांनी वाटेत दोनदा घड्याळाला चावी दिली! वर पोचताच मला नाव पडलं, 'मालगाडी'. ठेवलं कुणी? माझ्याच नवऱ्यानं.

घरी आल्यावर मात्र त्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले, "चाल पुढं. हळूच चाल. पण एकदाही मागं वळून बघायचं नाही. चारचौघांत मला आजारी करू नकोस."

*

मागं बघायचं नाही म्हटल्यावर उरले कान.

मास्तरांना चालताना बोलायची सवय. कुठली गाडी कुठं किती लेट झाली, कुणा गार्डाचा डबा कुत्र्यानं पळवला, सगळं साग्रसंगीत. बोलणं चालू म्हणजे दम आहे. वाक्यं तुटायला लागली की मी पाऊल लहान करायची. लुगड्याचा कासोटा सारखा करायची, चप्पल झटकायची, उगाच एखाद्या झाडाचं नाव विचारायची. चार रविवारांत माझी साताऱ्याभोवतीची सगळी झाडं तीन-तीनदा विचारून झाली होती!

यवतेश्वरच्या चढावर असेच निघालो होतो. मागं मसूरच्या पुरातली पॅसेंजर रंगात आली होती. "पाणी रुळाला लागलं, ड्रायव्हर म्हणतो मी जाणार, आणि मी म्हणालो…"

पुढं काही नाही.

मी चार पावलं टाकली. काही नाही. काठीचा आवाजही नाही. वळून बघावं तर शब्द दिलेला, न बघावं तर… मी मटकन खाली बसले आणि ओरडले, "आई गं! काटा!"

काटाबिटा काही नव्हता. पण पाय धरून बसल्यावर मान आपसूक मागं वळते, ही युक्ती देवानंच सुचवली.

मास्तर वाटेच्या कडेला उभे होते. एक गाल टम्म फुगलेला. काठीनं बोरीची फांदी वाकवून धरलेली. तोंडातलं बोर चघळत मला म्हणाले, "बघू काटा."

असा संताप आला की खरंच एखादा काटा घेऊन त्यांना टोचावासा वाटला!

*

वसंतगडाचा किस्सा आमच्या मंडळात बरीच वर्षं चालला.

कऱ्हाडला इंजिनिअरिंग शिकणारा एक पोरांचा घोळका मागून आला. बेलबॉटम पँटी, गळ्यात ट्रान्झिस्टर. त्यातला एक जण मास्तरांना म्हणाला, "आजोबा, जरा साइड द्या. आमचं वय तुमच्याएवढं व्हायच्या आत वर पोचायचंय!"

बाकीचे खिदळले. आणि मागची काठी खाडखाड वाजायला लागली. "चल गं, उचल पाय," मास्तर मला म्हणाले. "दाखवू यांना."

त्यांचा श्वास माझ्या मानेजवळ आला होता. शिट्टी वाजल्यासारखा. मी बाजूला झाले असते तर ते त्या पोरांच्या पुढं पळाले असते. त्यांचा स्वभाव मला ठाऊक. वाट तिथं अगदी चिंचोळी. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी. मी वाटेच्या मधोमध उभी राहिले आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"आजी, रस्ता द्या की!"

"नाही देत."

"पण का?"

"माझी मर्जी. घाई असेल तर वरनं उडत जा!"

मागं सगळं मंडळ आणि सगळं कॉलेज तुंबून उभं. वकीलसाहेब म्हणाले, सार्वजनिक वाट अडवणं हा गुन्हा आहे. कंपाउंडर म्हणाले, वहिनींना पित्त झालंय. मास्तर तर लाल झाले होते. "आउटर सिग्नलला गाडी उभी करतेस? अब्रू घालवलीस माझी!"

मी ऐकत होते तो फक्त त्यांचा श्वास. शिट्टी कमी झाली. मग थांबली. तोवर त्यांच्या तोंडून मी बावळट, हेकट, आडमुठी असं सगळं होऊन गेलं होतं. शेवटचं "मूर्ख कुठली!" हे एका दमात, स्पष्ट, खणखणीत आलं आणि मी शांतपणे बाजूला झाले.

*

कंपाउंडरांना एक खोड होती. वर पोचलं की ते सगळ्यांची नाडी बघायचे. डोळे मिटून, ओठ चावून, अगदी सिव्हिल सर्जनच्या थाटात. मास्तर दर वेळी काही ना काही सबब काढून लांब जायचे. पण जरंडेश्वराला मारुतीच्या पायरीवर ते नेमके सापडले. "आणा हात!" म्हणून कंपाउंडरांनी मनगट धरलंच.

सगळे बघत होते. वकीलसाहेब जरा जास्तच. "मास्तर, तुम्ही मघाशी छाती चोळत होता," ते सहज म्हणाले. त्यांचं सहज म्हणजे काय ते सगळ्या कोर्टाला माहीत!

"डास चावला," मास्तर म्हणाले.

कंपाउंडरांचं तोंड गंभीर झालं. त्यांनी बोट जरा सरकवलं. पुन्हा धरलं. आता हे काहीतरी बोलणार, वकीलसाहेब कलम काढणार, आणि उद्यापासून पुन्हा ती खुर्ची. मारुतीकडं बघायचंही मला सुचलं नाही.

"ठणठणीत!" कंपाउंडरांनी जाहीर केलं. "पंचविशीतल्या गड्याची नाडी आहे!"

मी सुटकेचा श्वास टाकते न टाकते तोच त्यांनी माझा हात ओढला. बोटं ठेवली मात्र, एकदम डोळेच उघडले.

"अहो, हे काय! ही तर घोड्यासारखी दौडतेय! मास्तर, वहिनींचं काही खरं दिसत नाही. पुढच्या रविवारपासून यांना घरी बसवा!"

हे असं आमचं वैद्यकशास्त्र. वकीलसाहेब कलमावर बोट ठेवायला निघाले, तेव्हा सुभेदार मध्ये पडले. "आवं, त्या म्होरंच आसत्यात. एवढ्या हळू चालीनं मुंगीबी मरत न्हाई!"

*

एकदा रेल्वेनं ताकारीला उतरून सागरेश्वराला गेलो होतो. ताकारी मास्तरांचं जुनं स्टेशन, त्यामुळं गाडीतून उतरल्यापासून त्यांची कॉलर ताठ. देवळाजवळच्या कुंडापाशी आम्ही दोघी बायका पाय धूत बसलो. सुभेदारीणबाई अनवाणीच चालायच्या आणि दिवसभरात चार शब्द बोलायच्या. त्या दिवशी मात्र माझ्या पायांकडं बघत म्हणाल्या, "वैनी, एक इचारू? तुमची चाल डोंगरातली हाय. तुमी जाणून हळू चालताय."

मी पाय घासत राहिले. हिनं सुभेदारांना सांगितलं की संपलंच.

"मास्तरांसाटी व्हय?"

मला खोटं बोलवेना. मान हलवली.

त्यांनी ओंजळीतलं पाणी तोंडावर मारलं, पदरानं टिपलं आणि म्हणाल्या, "आमच्या मालकांस्नी लढाईवरनं आल्यापास्नं डाव्या कानानं ऐकू येत न्हाई. कुणाला ठावं न्हाई. मी जल्माची त्यांच्या उजव्या अंगानं चालती."

"आणि त्यांना माहीत आहे, तुम्ही का उजवीकडं चालता ते?"

"त्यास्नी वाटतंय, मला उन्हाचा तरास हाय म्हणून मी सावली धरती," त्या म्हणाल्या. "सकाळी ऊन येका अंगानं, संध्याकाळी दुसऱ्या अंगानं येतंय, पर गड्यामाणसाच्या ध्यानात येतंय व्हय?"

आम्ही दोघी इतक्या हसलो की वरून वकीलसाहेबांनी काय झालं म्हणून विचारलं.

*

चंदन-वंदनला जे झालं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. निदान तेव्हा नव्हतं.

उतरताना कंपाउंडरांनी कातळाच्या आडोशाला विडी पेटवली. वर कपारीत आग्या मोहोळ लटकलेलं होतं, ते कुणी बघितलंच नव्हतं. आधी नुसता घूं असा आवाज आला. मग सगळं आभाळ काळं!

"पळा!" वकीलसाहेब किंचाळले.

पण पळणार कसं? सगळ्यात हळू तो पुढं, आणि त्याला कुणी मागं टाकायचं नाही! इतक्या रविवारांची सवय अंगात मुरलेली. माशा डोक्यावर, जीव मुठीत, आणि पाच शहाणी माणसं माझ्या मागं रांगेत उभी राहून ओरडतायत, "वहिनी, पळा! अहो वहिनी, पळा ना!" एकालाही बाजूनं पुढं जायचं सुचलं नाही!

माझे पाय तर पळायला शिवशिवत होते. पण मी पळाले असते तर मागून मास्तर पळाले असते. पुढं अर्ध्या कोसाची उतरण आणि मग पुन्हा चढ. मला डॉक्टरांचा चेहरा दिसला.

मी खाली बसले. तिथंच, वाटेत. पदर डोक्यावरून ओढला, मागं हात घालून मास्तरांचं धोतर धरलं आणि त्यांना खाली खेचलं. दातओठ खात म्हणाले, "हलायचं नाही!"

पुढची दोघं बसली म्हटल्यावर मागचे जाणार कुठं? सगळे बसले. सुभेदारांनी आपली घोंगडी वकीलसाहेब आणि कंपाउंडर या दोघा शहाण्यांच्या डोक्यांवर टाकली. घोंगावणं कानाशी आलं, केसांत शिरलं, माझ्या मनगटाला दोन ठिकाणी आग लागली. मी हलले नाही. माझ्या मुठीत धोतराचा काठ होता आणि मागं श्वास चालू होता. मला दुसरं काही नको होतं. माशा डोक्यावरून निघून गेल्या.

सुभेदारांनी उठून मला चक्क सलाम ठोकला. "वैनी, वाचिवलं तुमी! पळालं आसतं तर येकबी जित्ता ऱ्हायला नसता. आग्या मव्हाळ हलणाऱ्याच्याच मागं लागतंय. कुठं शिकला?"

"माहेरी," मी म्हणाले. आणखी काय सांगणार?

परतीच्या एस.टी.त मास्तर खिडकीतून बाहेर बघत बसले होते. माझं मनगट सुजून टपोरं झालं होतं. न वळताच त्यांनी विचारलं, "भिऊन बसलीस ना?"

"हो."

"माशांना?"

मी तिकिटाची सुरळी करत राहिले.

*

आता मच्छिंद्रगडाचं सांगते.

त्या आठवड्यात माझं काहीतरी बिनसलं होतं. हौदावरून कळशी भरून आणताना छातीत दाटून यायचं, डाव्या खांद्यात कळ यायची. वाटेत टेकून पुन्हा उचलायची. म्हटलं, पित्त असेल. घरात एक जण आजारी असताना दुसऱ्यानं आजारी पडायला सवड कुठली? मास्तर माजघरात पेपर वाचत असायचे. मी काही बोलले नाही.

रविवारी पायथ्याला उतरलो. चारी बाजूंना ऊस आणि मध्ये तो गड. मी सवयीप्रमाणं पुढं झाले. तोच माझ्यासमोर काठी आडवी आली.

"आज मी पुढं," मास्तर म्हणाले.

सगळे बघतच राहिले. पुढं? हे?

"माझी छाती धड नाही," मास्तर म्हणाले. आवाज अगदी स्टेशनवरचा, लांबच्या डब्यापर्यंत जाणारा. "मसूरला झटका येऊन गेलाय. पहिल्या दिवसापासून तुमच्याशी खोटं बोललो. मी सगळ्यात हळू आहे. आज मी फार हळू चालणार, आणि वाटेल तिथं थांबणार."

वकीलसाहेबांनी तोंड उघडलं. सुभेदारांनी नुसतं त्यांच्याकडं बघितलं. ते मिटलं.

आम्ही चढायला लागलो. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा त्यांची पाठ बघत होते. वळणं थोडी, पण प्रत्येक वळणावर ते काठी टेकून उभे राहत आणि मागं न बघता ओरडत, "थांबा हो! दम लागला!" दर वेळी माझा जीव खालीवर. आता पडतात, मग पडतात. एवढा अभिमानी माणूस चारचौघांत असं कबूल करतो म्हणजे आतून किती दुखत असेल! सुभेदारीणबाई माझ्या मागं अगदी चिकटून चालत होत्या.

मधल्या वेळात मास्तर बोलत होते. शेणोलीला लाइनीवर बसलेला रेडा, त्याचा मालक, मालकाचा मेहुणा, मेहुण्याची कोर्टकचेरी. अखंड. मागून कंपाउंडर कुजबुजले, "दम लागलाय म्हणतात आणि वाक्य कुठं तुटत नाही!" मला ते ऐकू आलं, पण डोक्यात शिरलं नाही. डोळ्यांपुढं जरा पिवळं होत होतं. खांदा ठणकत होता.

तिसऱ्या की चौथ्या वळणावर ते पुन्हा थांबले. मी फिरकीचा तांब्या घेऊन धडपडत त्यांच्यापाशी गेले आणि हळूच म्हणाले, "कुठं दुखतंय? खरं सांगा. माझी शपथ आहे."

त्यांच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. सदरा कोरडा. त्यांनी तांब्या माझ्या हातातून घेतला, फिरकीचं झाकण उघडलं आणि तो मलाच परत दिला. मग खांद्यावरचा पंचा काढून दगडावर पसरला.

"काल हौदापासून दारापर्यंत कळशी तीनदा टेकवलीस," ते मला ऐकू येईल एवढंच बोलले. "बस."

आणि मग गडाच्या माथ्यापर्यंत जाईल अशा आवाजात मागच्यांना ओरडले, "थांबा हो, थांबा! मला दम लागलाय!"

मी बसले.